आढ्याखालची फट

आधी ते वरचं दार उघडा. उघडा म्हणतो ना. तुम्हाला थंडी वाजत असेल तर अंगात आणखी एक स्वेटर घाला, पण घोड्यांच्या तोंडावर दार लावू नका. हां, असं. आता बसा त्या गवताच्या गठ्ठ्यांवर. का लावायचं नाही ते सांगतो. माझ्या ओळखीच्या एका सुताराची गोष्ट आहे. त्याच्याच तोंडून ऐकलेली आहे, आणि खोटं रचून सांगण्याइतकी कल्पनाशक्ती त्या माणसाकडे नव्हती. लाकूड सोडलं तर त्याचं डोकं कशात चालायचं नाही.

तर हा सुतार खिळे आणायला गेला होता. डिसेंबर संपत आलेला, शनिवारची दुपार. दुकानदाराने खिळे तोलले, पत्र्याची पट्टी कापून दिली, दाराच्या कडांना लावायचं रबर गुंडाळून दिलं आणि सहज विचारलं, "कॅप्टनच्या तबेल्याला का?"

सुतार हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? कॅप्टनला जाऊन तीन वर्षं झाली होती. सुताराने कॅप्टनच्या बायकोशी लग्न केलं त्यालाही दीड वर्ष होत आलं होतं. तरी तबेला कॅप्टनचा, करडी घोडी कॅप्टनची, आणि तिसरं काय कॅप्टनचं ते दुकानदार भिडेपोटी बोलला नाही एवढंच. सुताराने मात्र ते ऐकलं. कोणी न बोललेलं ऐकण्याइतके त्याचे कान तोवर तिखट झाले होते.

कॅप्टन फौजेबिजेत कधी नव्हता. टोपी तशी घालायचा आणि ताठ चालायचा, म्हणून नाव पडलं. त्याच्या घोड्यांना नाल मी ठोकायचो, त्यामुळे त्याला चांगला ओळखायचो. उंचापुरा, कमी बोलणारा आणि घोड्यांच्या बाबतीत महाहट्टी. तबेला त्याने स्वतः उभा केला होता. मधून वाट, दोन्ही बाजूंना छपरापर्यंत भिंती असलेली घोड्यांची ठाणं, प्रत्येक ठाणाला वर आणि खाली असं दोन तुकड्यांचं दार, मागच्या भिंतीला एकेक झडप. आणि छपराच्या अगदी माथ्याशी, आढ्याच्या खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत वीतभर मोकळी फट. घोड्यांच्या श्वासाची वाफ, मुताचा उग्र दर्प, ओल, सगळं त्या फटीतून वर निघून जायचं. लोक हसायचे. फळ्या कमी पडल्या का म्हणून विचारायचे. कॅप्टन म्हणायचा, हिवाळ्यात घोड्याच्या अंगावर केस वाढतात, थंडीचं तो स्वतः बघून घेतो. कोंदट हवा छातीत गेली तर मात्र त्याच्या हातात काही नसतं. असा हा माणूस एका सकाळी करडीला खरारा करता करता छातीत कळ येऊन तिच्याच पायांशी गेला. डॉक्टर येईपर्यंत ती घोडी जागची हलली नव्हती, आणि ते मी डोळ्यांनी बघितलं आहे.

आणि सुताराचा धंदा म्हणजे दारं-खिडक्यांचा. त्याने बसवलेल्या दाराच्या फटीत कागद जायचा नाही, हा त्याचा अभिमान. कुठे फट दिसली की त्याला कोणी तोंडावर नावं ठेवल्यासारखं वाटायचं. त्यात ही फट कॅप्टनची.

बायको त्याची भली होती. घोडेस्वारी शिकवायची, गुडघ्याचं हाड मोडल्यापासून स्वतः फारसं बसायची नाही, पण मैदानाच्या मधोमध उभी राहून नुसत्या आवाजावर घोडे आणि पोरं दोन्ही चालवायची. सुतारावर तिचा जीव होता. हे मी सांगतो, त्याला कधी पटलं नाही. त्याचं काय झालं होतं, तबेल्यातल्या खुंट्या कॅप्टनच्या उंचीच्या होत्या. लगाम काढायचा तर सुताराला टाचा उंच कराव्या लागायच्या. एकदा शिकायला येणाऱ्या एका चिमुरडीने त्याला तसं बघून स्टूल आणून दिलं, "घ्या काका" म्हणून. सगळे हसले. बायकोही हसली. त्या रात्री तो जेवला नाही.

करडी तर त्याला उभंच करायची नाही. तो आत गेला की कान मागे पाडायची. गूळ धरला तर गूळ खायची आणि पाठ फिरवायची. बायको म्हणायची, वेळ लागतो रे, कॅप्टनलाही सुरुवातीला ती चावली होती. ती हे धीर द्यायला सांगायची. याला त्यातला एकच शब्द ऐकू यायचा.

जळत होता तो, दुसरं काय. आणि जिवंत माणसावर जळणं परवडलं. जिवंत माणूस कधीतरी चुकतो, दारू पिऊन पडतो, म्हातारा होतो. मेलेल्याचं काही वाईट व्हायचं शिल्लक राहत नाही. सुतार रोज नव्याने हरायचा, आणि समोर कोणी नसायचंच.

तर शनिवारी बायको घोडे घेऊन मैदानावर गेली होती तेवढ्यात हा शिडी लावून चढला. फट फळ्यांनी बंद केली, वर पत्रा मारला. मागच्या झडपा ठोकून टाकल्या. वरच्या दारांच्या कडांना रबर बसवलं. काम एक नंबर झालं. संध्याकाळी घोडे आत बांधले तर तबेला असा उबदार झाला की त्याने कोट काढून खांद्यावर टाकला आणि बायकोची वाट बघत उभा राहिला. ती आली, वर बघितलं, नाक जरा आत ओढलं.

"ती फट मुद्दाम ठेवलेली होती," ती म्हणाली.

"कोणी?"

तिने डोळे टिपले. घोड्यांना बाधेल, एवढंच हळू आवाजात सांगितलं. तेव्हा त्याच्या तोंडून गेलं, "या जागेत मी केलेलं काहीतरी एक राहू दे. एकच."

 ती म्हणाली, "बरं. बघू आठवडाभर."

आता बघा, त्या बाईला घोड्यांचं सगळं कळत होतं. हे चूक आहे हे तिला ठाऊक होतं. तरी तिने त्याच्यासाठी ते चालवून घेतलं. एखाद्याने त्या रात्री सुखाने झोपावं. हा मात्र अंथरुणात पडून विचार करत होता, की फट म्हटल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी का आलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी करडी खोकायला लागली. आधी सकाळचाच, कोरडा. मग रात्रीही. तबेल्यात शिरलं की डोळे चुरचुरायचे, वाशांवरून थेंब गळायचे, ब्लँकेटं दमट. सुताराला अंथरुणात खोकला ऐकू यायचा. शिडी लावून चार फळ्या काढायच्या, एवढंच काम होतं. पण फळ्या काढणं म्हणजे कॅप्टन बरोबर होता म्हणणं. तो कूस बदलायचा. तुम्हाला राग येतोय ना त्याचा? यावाच. घोडी वाचली, ते आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा सगळा जीव तिच्यातच अडकून बसेल. फटही आज उघडी आहे.

एका सकाळी तो तबेल्यात गेला तर आत स्वच्छ हवा. वर बघितलं. फट मोकळी. त्याच्या फळ्या आणि पत्र्याची पट्टी भिंतीशी नीट रचून ठेवलेल्या, आणि खिळे एकही न वाकता काढून वरच्या फळीवर ठेवलेले.

त्याने बायकोला विचारलं. ती म्हणाली, या गुडघ्याने मी शिडी चढते का? खरंच होतं. पण त्या दिवशी खरारा करताना ती स्वतःशीच गुणगुणत होती. ते त्याने ऐकलं आणि ध्यानात ठेवलं. फळ्या पुन्हा बसवल्या, या वेळी लांब स्क्रूंनी. तीन दिवसांनी पुन्हा तेच. स्क्रू रांगेत मांडलेले.

मग त्याच्या डोक्यात ते आलं, जे अशा माणसाच्या डोक्यात यायचंच. बायकोचं बाहेर कोणीतरी आहे. रात्री येतं, तिच्या शब्दाखातर शिडी चढतं आणि जातं. कोण असेल? त्याने माझ्यावरसुद्धा संशय घेतला, हे त्याने पुढे मला स्वतः सांगितलं. माझं वय बघा, माझे गुडघे बघा. मला खरं तर जरा बरंच वाटलं होतं.

जानेवारीची नऊ तारीख, गुरुवार. अमावास्या वगैरे काही नव्हती. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेले, टिपूर चांदणं होतं. दुपारी त्याने फळ्या तिसऱ्यांदा बसवल्या आणि बायकोला सांगितलं, बाहेरगावी खिडक्या बसवायचं काम आहे, रात्री मुक्काम तिकडेच. ती मफलर घेऊन मागे आली, त्याच्या गळ्यात घातला, रात्री गाडी चालवत परत येऊ नकोस म्हणाली. याला वाटलं, हिला मी जायची घाई झाली आहे.

गाडी वळणाच्या पलीकडे झाडीत लावली, अंधार पडल्यावर पायी परत आला. करडीच्या समोरचं ठाण रिकामं होतं. त्यात कोपऱ्यात गवतावर बसला. खालचं दार ओढून घेतलं, वरचं उघडं ठेवलं, वाट दिसावी म्हणून. मांडीवर हातोडी. माणूस आला की उठून उभं राहायचं आणि विचारायचं, एवढाच बेत.

घराच्या खिडकीतला दिवा बराच वेळ दिसत होता. मग गेला. घोड्यांच्या अंगाची ऊब, चघळण्याचा आवाज, मधूनच एखादी टाप. वरून थेंब गळत होते. समोर करडी खोकत होती. जवळून ऐकल्यावर तो खोकला वेगळा वाटला त्याला. पोटापासून यायचा, आणि नंतर ती मान खाली घालून उभी राहायची. त्याला तिची पहिल्यांदा कीव आली. उद्या काढू फळ्या, असं त्याच्या मनात आलं. खरंच आलं, असं तो शपथेवर सांगतो.

मग चघळणं थांबलं.

एका घोड्याचं नाही, सगळ्यांचं. सगळ्यांनी माना उचलल्या. सगळ्यांची तोंडं वाटेच्या टोकाच्या मोठ्या दाराकडे. कान पुढे.

दार हललं नव्हतं. कडी वाजली नव्हती.

करडी हळूच घुमली. तो आवाज तुम्हाला माहीत आहे. नाकातल्या नाकात, छातीतून येणारा. रोज हाताने भरवणारा माणूस येताना दिसला की काढतात तो. दीड वर्षात तिने त्याच्यासाठी तो आवाज एकदाही काढला नव्हता. आणि सुतार मला म्हणाला, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. मला राग आला.

वर काहीतरी कुरकुरलं.

लाकडातून स्क्रू निघतानाचा आवाज तो झोपेतही ओळखेल. एक निघाला. मग थोडा वेळ काही नाही... मग दुसरा. शिडी भिंतीला आडवी पडलेली होती, जिथे त्याने ठेवली होती तिथेच. चांदणं पट्टीएवढं आत आलं. मग हातभर. फळ्या खाली आल्या. पडल्या नाहीत. आल्या.

गार हवा त्याच्या टाळूवर उतरली.

चांदण्याचा पट्टा करडीच्या ठाणावर पडला होता. ती मान पुढे करून उभी होती. खोकत नव्हती. तिच्या मानेवरचे केस दबत होते... उठत होते... पुन्हा दबत होते. कोणीतरी तळवा फिरवावा तसे. तिच्याजवळ कोणी नव्हतं.

सुतार उठला. हातोडी कुठे पडली त्याला कळलं नाही.  तरी तो बोलला. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं, ते भीतीला ऐकेना.

"ती आता माझी आहे," तो म्हणाला.

घोडीबद्दल बोलत नव्हता तो.

केस दबायचे थांबले.

करडीने मान वळवली. त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या जरा शेजारी बघितलं... त्याच्या दाराच्या अगदी पुढे.

वरचं दार हळूहळू फिरलं आणि लागलं. रबर दाबलं गेलं. बाहेरून खिट्टी सरकली. मग खाली, पायाशी, दुसरी. रात्री घोडा आत घालून दार लावतात, तसं. न चिडता. न आपटता.

आत मिट्ट काळोख. त्याने दारावर खांदा मारला. हललं नाही. काम चोख होतं.

आणि मग पावलं. वाटेवरून, दाराबाहेर, अंगणातल्या खडीवर. लांब टांगांची, सावकाश. घराच्या दिशेने.

त्याने हाक मारली. तिचं नाव घेऊन. पुन्हा मारली. त्या रबरातून आवाज कुठे जाणार?

दूरवर घराच्या दाराची कडी वाजली. ती त्याने स्वतः बसवलेली. उघडली... आणि लागली.

तो मागच्या झडपेवर तुटून पडला. बारा दिवसांपूर्वी स्वतःच ठोकलेल्या फळ्या. हातोडी अंधारात सापडेना. टाचांनी लाथा घातल्या, नखांनी ओढलं. मला म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या कामाचा राग आला. किती वेळ गेला त्याला सांगता येत नाही. फळी सुटली तेव्हा बोटं रक्ताळलेली होती. तो त्या भोकातून बाहेर पडला आणि धावला.

घराचं दार आतून बंद. त्याने थापा मारल्या.

दिवा लागला. ती आली. शाल अंगावर, डोळ्यांत झोप. त्याच्याकडे बघितलं, त्याच्या हातांकडे बघितलं.

"तू..." ती म्हणाली. "तू तर मघाशीच आलास ना?"

त्याने तिच्या खांद्यावरून आत बघितलं.

"काम लवकर आटोपलं वाटतं, म्हटलं. हात किती गार आहेत तुझे, म्हटलं... माझ्या मागे बसला होतास..."

ती थांबली. तिने वळून मागच्या अंधाऱ्या खोलीकडे बघितलं.

तो आत गेला. दिवे लावले. पलंगाखाली, कपाटामागे, न्हाणीत. खिडक्या आतून लावलेल्या. कोणी नव्हतं. परत आला तेव्हा ती खुर्चीवर बसली होती, त्याच्याकडे पाठ करून, दिव्याखाली. तेव्हा त्याला दिसलं.

ती केस मोकळे सोडून झोपायची. आता मानेवर घट्ट वेणी होती. पीळदार, एकही केस बाहेर नाही. खाली दुमडून वर घेतलेली आणि जाड दोऱ्याने शिवलेली. बायका तशी वेणी घालत नाहीत. स्पर्धेच्या आदल्या दिवशी घोड्याची आयाळ तशी बांधतात.

तिने मानेमागे हात नेला, चाचपलं. हात तिथेच राहिला.

"मला वाटलं," ती अगदी हळू म्हणाली, "तू शिकलास. माझ्यासाठी."

तुम्ही आयाळ बांधता तेव्हा दोऱ्याचं टोक कुठे धरता? ओठांत. दोन्ही हात केसांत गुंतलेले असतात, दुसरा उपाय नसतो.

शेवटच्या गाठीपाशी त्या दोऱ्याचं टोक लोंबत होतं. सुताराने पुढे होऊन ते दोन बोटांत धरलं.

ओलं होतं.